रंग ओला आहे

रंगकाम करणाऱ्या माणसाचे कपडे कसे असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. शर्टावर निळा, पँटवर हिरवा, बुटांवर लाल, आणि कानामागे असा एखादा रंग, जो कुठून आला हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. या गावातला पेंटर मात्र पांढराशुभ्र शर्ट आणि पांढरी पँट घालून कामावर जायचा आणि संध्याकाळी तसाच पांढराशुभ्र घरी यायचा. म्हणून सगळे त्याला बगळा म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि शेवटी त्यानेच आपल्या दुकानाच्या पाटीवर एका पायावर उभा असलेला ऐटबाज बगळा रंगवून टाकला, तेव्हा चिडवणाऱ्यांची सगळी मजाच गेली.

त्याचं म्हणणं सरळ होतं. "ज्याला स्वतःच्या अंगावर रंग सांभाळता येत नाही, तो लोकांच्या भिंतीवर काय सांभाळणार?"

हा ताठा वडिलांकडून आलेला. वडीलही पेंटरच. त्यांनी पांढऱ्या रंगाची एक कृती मुलाला दिली होती: पांढऱ्यात जवसाचं तेल थोडं सढळ हाताने घालायचं. रंग वाळायला जास्त वेळ घेतो, पण वाळल्यावर असा चकाकतो की भिंतीसमोर उभं राहून भांग पाडावा. दुकानदार सांगत की आता झटपट वाळणारे रंग मिळतात. बगळा नाक मुरडून म्हणायचा, "झटपट वाळतो तो रंग नव्हे, चुना."

वडिलांचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे पुलाजवळची वेशीची भिंत. गावात शिरताना पहिली हीच दिसते. त्यांनी तिच्यावर तीन चिमण्या काढल्या होत्या आणि प्रत्येकीतून काळाभोर धूर, वळणावळणाचा, टोकाशी वेलबुट्टीसारखा कुरळा. खाली मोठ्या अक्षरांत: "आमचं गाव, चालू गाव." त्या काळी धूर ही मिरवायची गोष्ट होती. वरच्या अंगाला कागदाची गिरणी होती आणि ती ज्या दिवशी धूर सोडत नसे, त्या दिवशी बायका नवऱ्यांना विचारत, "काय हो, काम सुटलं का?"

आता वरची गिरणी श्रीमंत झाली होती. तिने कोळसा सोडून गॅसचा बॉयलर बसवला होता, फाटकाशी फुलझाडं लावली होती. आणि खालच्या अंगाला, पुलापाशी, नवी गिरणी आली होती. पुठ्ठ्याची. जगात कुठेही काहीही विकलं गेलं तरी ते कशात तरी घालून पाठवावं लागतं, आणि ते "कशात तरी" खालची गिरणी बनवायची. ती अशी वाढत होती की काल पाहिलेलं कुंपण आज आत गेलेलं असायचं. तिची चिमणी दिवसभर धूर ओकायची. तिच्या बॉयलरवर बगळ्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. बहीण त्याला धाकट्या म्हणायची. तो दाराइतका रुंद झाला, त्याच्या मिशा पिकायला लागल्या, तरी धाकट्याच.

एके दिवशी अध्यक्षबाईंनी बगळ्याला नगरपालिकेत बोलावलं. बाई गावाच्या नगराध्यक्ष होण्याआधी दातांच्या डॉक्टर होत्या, आणि कुठल्याही गोष्टीकडे तोंडात डोकावल्यासारख्या वाकून बघायच्या.

"बसा. नीट ऐका. बाहेरच्या देशांतले पाहुणे येतायत. जुने श्रीमंत देश. आपला देश एवढा भराभर वाढतोय, तर आपण धूर कमी करायचं वचन देणार की नाही, हे बघत ते गावोगाव फिरतायत. आपल्याकडेही येणार."

"बरं."

"आणि ते आत शिरताना पहिलं काय बघणार? तुमच्या वडलांच्या तीन चिमण्या! हा गावाचा पुढचा दात आहे, पेंटर. आणि तो काळा आहे."

बगळा खुर्चीतून अर्धा उठला. वडिलांचा धूर पुसायचा? पण बाई पुढे म्हणाल्या, "पूर्ण भिंत पांढरी करा. तिच्यावर आपलं वचन लिहायचंय. मजकूर सभा ठरवेल. भिंत पाहुणे येईपर्यंत पांढरी दिसली, तर यापुढे गावातल्या सगळ्या पाट्या तुमच्या हातच्या. आणि नाही दिसली, तर हे."

त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे गुंडाळी करून ठेवलेला फ्लेक्स उभा होता. छापखान्यातून आलेला, निळं आकाश, हिरवं गवत, आणि एक हसणारं कुटुंब, जे या गावात कुणी कधी पाहिलं नव्हतं.

फ्लेक्स म्हणजे काय हे बगळ्याला समजावून सांगायची गरज नव्हती. दुकानांच्या पाट्या फ्लेक्सने नेल्या, दवाखान्यांच्या नेल्या, सलूनच्या नेल्या. त्याच्याकडे उरले होते शाळेचे फळे, पाण्याच्या टाकीवरचे आकडे आणि "येथे गाडी लावू नये". ही भिंत गेली की त्याच्या पाटीवरच्या बगळ्याने दुसरा पायही उचलून उडून जावं, हेच बाकी होतं.

"भिंत पांढरी राहील," तो म्हणाला. "माझा शब्द."

वडिलांच्या चिमण्या घासून काढताना त्याने मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. मग त्यांच्याच कृतीने रंग कालवला, जवसाचं तेल नेहमीपेक्षाही सढळ घातलं, आणि सकाळी लवकर हात चालवायला सुरुवात केली. दुपारपर्यंत भिंत अशी झाली की पुलावरून जाणारे सायकलवाले डोळे मिचकावत. बगळा चार पावलं मागे सरला, कमरेवर हात ठेवले, आणि आता बायकोला आणून दाखवावं असा विचार करत होता, एवढ्यात खालच्या गिरणीच्या चिमणीने एक दीर्घ खोकला काढला.

काळा ढग उठला. वाऱ्यावर जरा रेंगाळला. आणि मग अगदी निवांतपणे, जागा पसंत करून, भिंतीवर येऊन बसला.

ओल्या तेलकट रंगाने काजळीचा कण न् कण आनंदाने धरून ठेवला. झटकायला जावं तर पुसट होऊन पसरे. भिंतीला देवी आल्यासारखं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा हात दिला. दुपारी पुन्हा चिमणी खोकली. तिसऱ्यांदा त्याने खाली उभं राहून चिमणीकडे बघत रंगवलं, जणू धाकाने ती गप्प बसेल. ती बसली नाही.

त्या संध्याकाळी मेहुणा बहिणीकडे जेवायला आला, तेव्हा बगळा दारातच आडवा आला.

"या, मेहुणेबुवा, या. हात धुऊन या. नाही, नाही, भिंतीला टेकू नका. आमच्या घरच्या भिंती तरी राहू द्या."

"काय झालं, भावोजी?"

"काय झालं म्हणजे? भर दुपारी माझ्या ओल्या रंगावर काजळी कोण फुंकतं? तुझ्या गिरणीत भूत आहे का?"

"अहो, काजळी झाडावीच लागते. बॉयलरच्या नळ्यांवर ती बसली की आच पाण्यापर्यंत पोचत नाही. मग आणखी कोळसा घाला, आणखी काजळी. म्हणून रोज एकदा वाफेच्या फवाऱ्याने झाडायची. ती काय मी पिशवीत भरून घरी आणू?"

"पण दुपारीच का? नेमका माझा हात संपतो तेव्हाच?"

मेहुण्याने हळूच बहिणीकडे बघितलं. बहीण ताटं मांडत होती. ती शांतपणे म्हणाली, "कारण दुपारी मी पिवळी चादर काढते."

बगळ्याला काही कळेना.

ती भानगड अशी होती. पेंटरच्या घराची गच्ची बॉयलरखान्याच्या खिडकीतून समोर दिसे. गिरणी नवी नवी होती तेव्हा काजळी कधीही झाडली जायची आणि गल्लीतल्या सगळ्या धुण्याचा सत्यानाश व्हायचा. बायका पेंटरणीकडे येऊन भांडल्या, कारण भाऊ तिचा. तिने भावाला गच्चीवर बोलावून सांगितलं, "धाकट्या, दोरीवर माझी पिवळी चादर असेपर्यंत फवाऱ्याला हात लावायचा नाही. चादर उतरली की खुशाल झाड." भावाने मान डोलावली. तेव्हापासून सकाळी तिची चादर दोरीवर चढली की गल्लीभर धुणी वाळत पडायची, आणि दुपारी उतरायला लागली की हाकाटी उठायची, "चादर निघाली गं! आवरा!" दोन्ही गिरण्यांच्या मालकांना, नगरपालिकेला, कुणालाच याचा पत्ता नव्हता. आणि ज्याच्या छपराखाली हा करार चालत होता, त्या बगळ्यालाही नव्हता, कारण त्याने आयुष्यात कधी दोरीवर रुमालसुद्धा घातला नव्हता.

"तुमचे शर्ट इतकी वर्षं एवढे पांढरे कसे राहतात," बायको भात वाढावा तशा सहजतेने म्हणाली, "हे कधी विचारलंत?"

बगळ्याने आपल्या शर्टाकडे बघितलं. आजवर त्याला वाटायचं, हे सगळं आपल्या हाताचं कौशल्य.

पण लाजायला वेळ नव्हता, भांडण अर्धवट होतं. "बरं, मग आता मी सांगतो. काजळी कमी कर. नाहीतर माझ्या हातात ब्रशऐवजी कटोरा येईल."

यावर मेहुणा उसळला. हा विषय गिरणीत रोज निघायचा, त्यामुळे भाषण तयारच होतं.

"का? आम्हीच का? तुमच्या वडलांच्या वेळी वरच्या गिरणीने अख्खं गाव काळं केलं, तेव्हा कुणी हूं की चूं केलं का? उलट तुमच्या वडलांनी तो धूर भिंतीवर काढला, वर त्याला वेलबुट्टी जोडली! त्या धुरावर गिरणीवाल्यांचा बंगला उभा राहिला, पोरं शिकून मोठी झाली, आणि आता गॅस लावून आम्हाला सांगतात, धूर वाईट. त्या पाहुण्यांच्या देशांचंही तेच. त्यांचं जेवून झालं, हात पुसून झाले. आम्ही आत्ता कुठे पाटावर बसलो, तर म्हणतात, फार खाणं तब्येतीला बरं नसतं!"

बगळ्याने हातातला घास ताटात परत ठेवला.

"तुझं खरं आहे रे," तो म्हणाला. "अगदी खरं आहे. पण माझ्या भिंतीला हे कसं पटवू? तिच्यावर काजळी बसते तेव्हा ती विचारत नाही, जेवलेल्याची आहे की उपाशाची."

"आणि दुसरं म्हणजे," मेहुणा म्हणाला, "पाहुणे तुमच्या काजळीसाठी येत नाहीयेत. ते जो वायू मोजतात, तो दिसतसुद्धा नाही. हवेत जातो आणि सगळं जग तापवतो."

"जो दिसत नाही त्याचं मी काय करू? मी पेंटर आहे, मांत्रिक नाही. मला दिसते ती काजळी बघ."

"दोन्ही एकाच कोळशातून येतात, भावोजी. कोळसा कमी जाळला की दोन्ही कमी."

एवढं बोलून मेहुण्याने जीभ चावली. पण बहिणीचे कान तिखट होते. "म्हणजे कमी जाळता येतो?"

"तसं नाही, ताई..."

"येतो की नाही?"

"येतो गं. पण..." आणि मग त्याने कबूल केलं. वाफेचे नळ काहीही न गुंडाळता उघडे ठेवलेत, निम्मी ऊब अंगणातल्या कुत्र्यांना मिळते. कोळसा ढिगाने टाकला की धूर होतो, पातळ पसरून थोडा थोडा टाकला तर नीट जळतो. शिवाय मालकांना धूर दिसायला हवा असतो. धूर दिसला की गिऱ्हाइकाला वाटतं, गिरणी जोरात आहे. कधी कधी तर मालक ओला कोळसा टाकायला सांगतात, मोठ्या लोकांची गाडी पुलावरून जाणार असेल तेव्हा.

"म्हणजे शोभेसाठी?" बगळ्याने विचारलं.

"शोभेसाठी."

"आणि मी शोभेसाठी पांढरा रंग देतोय. वा! गावात आपण दोघेच कलाकार."

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत मजकुराची सभा होती. बगळा सुतळी घेऊन गेला होता. भिंतीच्या लांबीएवढी सुतळी, तिच्यावर अक्षरं किती बसतील ते बघायला. सुरुवात छान झाली. बाई म्हणाल्या, "आमचं गाव धूर कमी करील." बगळ्याने सुतळी टेबलावर पसरली. अक्षरं हातभर उंच येत होती. त्याचा चेहरा उजळला.

मग खालच्या गिरणीच्या बाजूचा एक सदस्य उठला. "वरच्या गिरणीने मागची भरपाई केल्यास, असं आधी जोडा." वरच्या गिरणीच्या बाजूचा उठला. "आणि नव्यांनीही जुन्यांइतकीच कपात केल्यास." तिसरा म्हणाला, "नदीपलीकडच्या गावाने आधी सुरुवात केल्यास. उगाच आपण का पुढे पुढे करायचं?" चौथ्याला कुणाच्याही कामाला धक्का न लागता हवं होतं. पाचव्याने "शक्य तितक्या लवकर" घालायला लावलं आणि सहाव्याने "परंतु घाई न करता".

प्रत्येक दुरुस्तीला बगळा सुतळीला नवी गाठ मारत होता. हातभर अक्षर वीतभर झालं, वीतभराचं बोटभर.

"बाई," तो शेवटी काकुळतीला आला, "आता अक्षर मुंगीएवढं येतंय. पाहुणे गाडीतून जाणार ना?"

"हो."

"मग एक मुंगीच पाठवा वाचून दाखवायला."

सभा हसली, पण मजकूर ठरला नाही. बाईंनी कोपऱ्यातल्या फ्लेक्सकडे बघितलं, आणि बगळ्याने बाईंना फ्लेक्सकडे बघताना बघितलं.

तो घरी आला तो पडलेल्या चेहऱ्याने. बायकोने काय झालं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उद्या भिंतीला पुन्हा हात द्या. चांगला जाड."

"आणि दुपारी?"

"ते माझ्यावर सोडा."

दुसऱ्या दिवशी दुपार झाली. गल्लीतल्या बायका कपडे काढायला गच्च्यांवर आल्या आणि बघतात तर पिवळी चादर जागच्या जागी. ऊन कलायला लागलं तरी चादर हलेना. बॉयलरखान्याच्या खिडकीत मेहुणा एकदा येऊन गेला. मग पुन्हा आला. मग त्याने हातवारे केले. पेंटरीण चादरीची सुरकुती नीट करून पुन्हा आत गेली.

शेवटी तो स्वतःच आला, जिना दोन दोन पायऱ्यांनी चढत. "ताई, चादर काढ!"

"वाळली नाही अजून."

"एवढ्या उन्हात? ताई, नळ्या काजळीने भरल्यात, वाफेचा काटा खाली यायला लागलाय!"

"मग झाड की. चादरीला विचारतोस कशाला? तुला कुणी बांधून ठेवलंय?"

मेहुण्याने चादरीकडे बघितलं. मालकाचा हुकूम त्याने एक वेळ मोडला असता, पण ही चादर मोडणं त्याच्याने होणार नव्हतं. तो पायरीवर मटकन बसला. तेवढ्यात बगळाही वर आला होता, ब्रश हातात, शर्टावर एक डाग नाही.

"काय हवंय तुम्हाला?" मेहुण्याने विचारलं. "नेमकं सांगा. कायमचं काही मागू नका, ते माझ्या हातात नाही."

"रंग वाळेपर्यंत," बगळा म्हणाला. "बस. माझा रंग वाळेपर्यंत काजळी कमीत कमी. कोळसा पातळ घाल, ओला घालू नकोस, नळ गुंडाळ. रंग वाळला की तू मोकळा."

"एवढंच?"

"एवढंच."

मेहुण्याला सौदा बरा वाटला. "दिला शब्द. पण नळ कशाने गुंडाळू? मालक एक चिंधी द्यायचे नाहीत. गुंडाळायचं जाड वेष्टण वरच्या गिरणीच्या गोदामात पडलंय. गॅस आल्यापासून त्यांना नकोय. आधी त्यांनी ते द्यावं. फुकट. हा माझा हक्क आहे, भीक नाही."

हे बगळ्याला पटलं. तो तडक अध्यक्षबाईंकडे गेला, आणि बाई तडक वरच्या गिरणीच्या मालकांकडे. मालक म्हणाले, "वेष्टण देऊ, पण फुकट कशाला?" बाई त्यांच्याकडे वाकून बघत म्हणाल्या, "गावाचे दात तुमच्या काळात किडले. मी काही नवे दात मागत नाहीये. सिमेंट तरी भरून द्या." वेष्टण आलं. ते लावायला त्यांचा जुना मिस्त्रीही आला, आणि तो आल्या आल्या मेहुण्याला म्हणाला, "हे आम्ही फार आधी करायला हवं होतं. तू आमच्यासारखा उशीर करू नको."

पुढच्या काही दिवसांत खालच्या चिमणीचा धूर करडा झाला, मग विरळ झाला, आणि एका सकाळी इतका पातळ झाला की मालक घरातून चप्पलही न घालता धावत आले.

"बंद पडली का? गिरणी बंद पडली का?"

मेहुण्याने त्यांना वाफेचा काटा दाखवला. काटा जिथे हवा तिथे ठाम उभा होता, आणि कोळशाचा ढीग नेहमीपेक्षा मोठा दिसत होता. मालकांनी ढिगाकडे बघितलं, काट्याकडे बघितलं, मग चिमणीकडे बघून ते अगदी रडवेले झाले. "सगळं ठीक आहे रे. पण लोकांना कळणार कसं, आपण चालू आहोत?"

"पाटी लावा," मेहुणा म्हणाला. "आमच्या भावोजींकडून."

त्याच आठवड्यात खालच्या गिरणीच्या फाटकावर लाल अक्षरांची पाटी चढली: "गिरणी चालू आहे." बगळ्याने "चालू"च्या शेपटीला वडिलांच्या धुराचं वळण दिलं, टोकाशी वेलबुट्टीसकट. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्या आलं, तेवढं पुरे होतं.

पाहुणे आले तेव्हा भिंत चकाकत होती. काजळी आता इतकी थोडी निघे की पुलापर्यंत पोचायच्या आत दमून जाई. भिंतीवर मजकूर मात्र नव्हता. सभा अजून "परंतु" आणि "केल्यास" यांच्यात अडकली होती. मोठ्या कोऱ्या भिंतीला फक्त एक छोटी लाकडी पाटी टांगलेली होती, बगळा नेहमी टांगायचा तीच: "रंग ओला आहे. सांभाळून." बाईंच्या गाडीत फ्लेक्सची गुंडाळी तयार होती. बगळ्याला गाडीच्या खिडकीतून तिचं टोक दिसत होतं.

पाहुण्यांची गाडी थांबली. त्यांच्यातला एक उंच, म्हातारा गृहस्थ उतरला, भिंतीजवळ गेला आणि हात लावायला पुढे झाला.

"अहो अहो! ओला आहे!" बगळा ओरडला.

म्हातारा दचकून थांबला. दुभाषी मुलीने पाटी वाचून त्याला सांगितलं. त्याने गंभीरपणे मान हलवली आणि विचारलं, यावर काय लिहिणार?

सगळे सदस्य एकदम बोलायला लागले. बाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं. "अजून ठरायचंय," त्या म्हणाल्या. "आधी भिंत पांढरी ठेवायला शिकतोय. मग लिहू."

दुभाषीने सांगितलं. म्हातारा हसला आणि काहीतरी म्हणाला. दुभाषी थोडी अडखळली. "ते म्हणतायत, त्यांच्याकडेही अशी भिंत आहे. वाक्य फार पूर्वीच लिहून झालंय, सुंदर आहे. भिंत तेवढी काळी आहे."

फ्लेक्सची गुंडाळी गाडीतच राहिली. पुढे बाईंनी ती शाळेला दिली. ती तिथे सायकलींवर पसरलेली असते, हसऱ्या कुटुंबासकट.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण मेहुण्याचा शब्द रंग वाळेपर्यंतचाच होता, आणि तेल कितीही घातलं तरी रंग कधीतरी वाळतोच. पाहुण्यांची गाडी पुलापलीकडे जाताना बगळ्याला हे आठवलं आणि त्याचा आनंद निम्मा झाला.

दुसऱ्या दिवशी तो पहाटे उठला, जराही आवाज न करता रंगाचा डबा घेतला आणि भिंतीच्या डाव्या कोपऱ्याला एक पातळ हात देऊन आला. त्याच्या पुढच्या दिवशी त्याच्या शेजारच्या पट्ट्याला. उजव्या टोकाला पोचेपर्यंत डावं टोक वाळायला यायचं, मग पुन्हा डावीकडून. लाकडी पाटी काढायची वेळच आली नाही. बायको सगळं बघत होती. डब्यात पांढरा संपला की ती फक्त एवढंच म्हणायची, "जवसाचं तेलही आणा."

मेहुणा कामावर जाताना पुलावर थांबायचा. "काय भावोजी, वाळला का?"

"कुठे रे. अजून ओलाच."

"आमच्याकडे सिमेंट वाळतं इतक्या दिवसांत."

"वडलांची कृती आहे. वेळ लागतो."

मग एकदा बगळ्याला ताप भरला. चांगला सणकून भरला. बायकोने बाहेरून कडी लावायचंच बाकी ठेवलं होतं. तो अंथरुणात पडून भिंतीचा विचार करायचा. डावा कोपरा वाळला असेल. मधला भाग वाळला असेल. बायको पिवळी चादर घेऊन गच्चीकडे निघाली, तेव्हा तो म्हणाला, "अगं, ती आज दिवसभर दोरीवर राहू दे ना." बायको म्हणाली, "चादर धुण्यासाठी आहे. भिंतीचं तुमचं तुम्ही बघा."

पायात जोर आल्या दिवशी तो डबा घेऊन लगबगीने निघाला. वाटेत त्याने एका पाण्याच्या खड्ड्यात पाय घातला आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या पांढऱ्या पँटवर चिखल उडाला. तो थांबला नाही. पुलाजवळ येऊन बघतो तर काय, भिंतीसमोर मेहुणा उभा. जेवणाचा डबा हातात, कामावर निघालेला.

बगळा झाडामागे थबकला. भिंत कोरडी ठणठणीत होती, हे त्याला लांबूनही दिसत होतं. ओल्या रंगाची चमक वेगळी असते.

मेहुण्याने पाटी वाचली. इकडेतिकडे बघितलं. मग उजवा हात उचलला आणि पूर्ण पंजा भिंतीवर दाबला. चांगला दाबला. मागे घेतला, उलटा करून बघितला. कोळशाने काळवंडलेला पंजा, त्यावर पांढऱ्याचा एक ठिपकाही नाही. भिंतीवर मात्र पाच बोटांचा काळा ठसा.

बगळा झाडामागून पुढे आला, चिखलाच्या पँटसकट, रंगाचा डबा हातात धरून.

मेहुण्याने त्याच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. मग खिशातून फडकं काढलं, भिंतीवरचा ठसा हळूच पुसून टाकला आणि वाकडी झालेली लाकडी पाटी सरळ केली.

"भावोजी," तो म्हणाला, "ओला आहे अजून. लोकांना हात लावू देऊ नका."

आणि तो गिरणीकडे चालू लागला.